नोंद एक, रूपे अनेक

शाळेच्या कार्यालयातल्या कपाटात कापडी बांधणीची जाड रजिस्टरे असतात. आपण त्यांना जनरल रजिस्टर म्हणतो, इथले सरकारी कागद त्यालाच दाखिल-खारिज पंजी म्हणतात. मूल शाळेत आले की त्याचे नाव, आईवडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान असे सारे त्यात एकदाच लिहिले जाते. मग त्या एका ओळीवरून वर्षानुवर्षे कागद निघत राहतात. महाराष्ट्रात पुढे शिकायला जाणाऱ्यासाठी मराठी दाखला, शिक्षण खात्यासाठी हिंदी सूची, दूर नोकरीला गेलेल्यासाठी इंग्रजी प्रमाणपत्र, सहलीच्या बसची यादी. कागदाचा आकार बदलतो, भाषा बदलते, कोणत्या रकान्यात काय लिहायचे तेही बदलते. रजिस्टरातली ओळ मात्र तशीच राहते. दाखल्यावर जागा कमी पडली म्हणून कोणी रजिस्टरातले नाव खोडून लहान केल्याचे ऐकिवात नाही.

आमच्यासारख्या संगणकाचे काम करणाऱ्यांना ही साधी गोष्ट नव्याने शिकावी लागते, आणि तिला बरेच जड नावही आहे. ऑब्जेक्ट पद्धतीच्या प्रोग्रामिंगमध्ये माहिती धरून ठेवणारी वस्तू वेगळी असावी आणि त्या माहितीला पडद्यावर किंवा कागदावर रूप देणारी वस्तू वेगळी असावी, असे ते तत्त्व आहे. गेली काही वर्षे आम्ही काही माजी विद्यार्थी मिळून शाळेच्या नोंदी संगणकावर ठेवण्याच्या कामाला हातभार लावतो. त्या कामात हे तत्त्व पुस्तकातून उतरून थेट मुलांच्या आडनावांपर्यंत कसे आले, ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच. प्रोग्रामिंग न येणाऱ्या पालकांनाही यातले बहुतेक सारे कळावे, असा प्रयत्न केला आहे.

प्रथम ऑब्जेक्ट म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या पद्धतीत माहिती एकीकडे आणि तिच्यावर काम करणाऱ्या आज्ञा दुसरीकडे असत. ऑब्जेक्ट पद्धतीत दोन्ही एकत्र बांधल्या जातात. ‘विद्यार्थी’ नावाचा एक साचा करायचा, त्याला क्लास म्हणतात. त्या साच्यातून निघालेला प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याच्यापाशी नाव, जन्मतारीख, गुण असतात, आणि ‘तुझे वय किती?’, ‘तुझी टक्केवारी किती?’ असे विचारले तर तो स्वतः हिशेब करून सांगतो. आपली माहिती आपल्यापाशी आणि आपल्याबद्दलचे उत्तर आपणच द्यायचे, ही या पद्धतीची शिकवण.

ही शिकवण देताना बहुतेक पाठ्यपुस्तके एक ठरलेले उदाहरण घेतात. ‘आकार’ नावाचा क्लास, त्याची मुले ‘वर्तुळ’, ‘चौकोन’ आणि ‘त्रिकोण’. प्रत्येकाला सांगायचे, ‘स्वतःला काढ.’ वर्तुळ गोल काढते, चौकोन चार रेघा काढतो. आपण फक्त आज्ञा द्यायची, कोण कसा काढतो याची चिंता करायची नाही. उदाहरण छान आहे, परीक्षेत हमखास येते. पण त्यातला एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही. वर्तुळाने स्वतःला काढायचे ते कशावर? पडद्यावर, छपाईच्या कागदावर, की फाइलीत? वर्तुळाला आपली त्रिज्या ठाऊक असणे स्वाभाविक आहे. त्याला प्रिंटरच्या समासाची रुंदी कशासाठी ठाऊक हवी?

शाळेच्या कामात आम्ही उतरलो तेव्हा एक आज्ञावली आधीच चालू होती. ती बाहेरच्या एका माणसाकडून करून घेतलेली होती. तिच्यात ‘विद्यार्थी’ हा एकच मोठा क्लास होता आणि तो पाठ्यपुस्तकातल्या वर्तुळासारखाच सारे काही स्वतः करायचा. गुणपत्रक छाप, दाखला छाप, खात्याची सूची छाप, बसची यादी छाप, अशा सगळ्या आज्ञा त्याच्याच पोटात होत्या. रोजचे काम चाले, म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

हिंदी सूची छापण्याच्या आज्ञेत मात्र दोन ओळी अशा होत्या की त्यांनी मोठा घोळ केला. आपल्याकडच्या हिंदी कागदांवर ‘ळ’ बहुधा लिहिला जात नाही. तेव्हा छापण्याआधी नावातल्या प्रत्येक ‘ळ’चा ‘ल’ करावा, अशी एक ओळ होती. सूचीचा रकाना अरुंद, म्हणून लांब नाव ठरावीक अक्षरांवर कापावे, अशी दुसरी. कागदासाठी दोन्ही ठीकच. पण हा बदल छपाईच्या प्रतीवर होत नव्हता, तो त्या विद्यार्थ्याच्या मूळ नावावरच होत होता. संध्याकाळी आज्ञावली बंद करताना ते बदललेले नाव जतन होई. ज्याची हिंदी सूची एकदा निघाली, त्याच्या संगणकातल्या नोंदीतून ‘ळ’ कायमचा गेला. भंगाळे यांचे भंगाले झाले, जावळे यांचे जावले, कोळी यांचे कोली, माळी यांचे माली.

हे लक्षात आले ते एका मुलीच्या दाखल्यामुळे. तिचे खरे आडनाव इथे देत नाही, काळे समजा. ती पुढच्या प्रवेशासाठी जळगावला गेली. शाळेच्या मराठी दाखल्यावर ‘काले’ आणि जातीच्या दाखल्यावर ‘काळे’. खिडकीपलीकडच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि परत केले. प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर होती. वडील सकाळच्या गाडीने परत आले, कार्यालयात जनरल रजिस्टर उघडले गेले, हाताने लिहिलेल्या ओळीत ‘काळे’ स्वच्छ दिसले आणि हाताने लिहिलेला नवा दाखला घेऊन ते रात्रीच्या गाडीने निघाले. प्रवेश झाला. रजिस्टर नसते तर काय झाले असते, याचा विचार त्या घराने नक्कीच केला असेल.

कोणी म्हणेल, मग सगळ्या ‘ल’चे पुन्हा ‘ळ’ करून टाका. तसे केले तर पाटील यांचे पाटीळ होतात आणि लीला ही ळीळा होते. ‘काले’ या दोन अक्षरांवरून मूळ शब्द काळे होता की कालेच होता, हे सांगता येत नाही. रोमन लिपीत लिहिलेल्या नावावरून तर दोन्हींपैकी काहीच कळत नाही. येथे या विषयाचे मर्म आहे. नोंदीकडून रूपाकडे जाणे सोपे असते, कारण रूप देताना काही गाळले तरी चालते. रूपाकडून नोंदीकडे परत येता येत नाही, कारण गाळलेले परत कोठून आणणार? म्हणून ज्यात सर्वांत जास्त तपशील आहे ते जपून ठेवावे आणि कमी तपशिलाची रूपे गरजेप्रमाणे त्यातून काढावीत. दोन दिवाळीच्या सुट्ट्यांत आम्ही आणि कार्यालयातली मंडळी रजिस्टरे मांडून बसलो आणि एकेक आडनाव पुन्हा जुळवले.

नवी मांडणी केली ती रजिस्टर आणि दाखला यांच्या नात्यावरून. ‘विद्यार्थी’ या ऑब्जेक्टला आता छापता येत नाही. त्याला आपले नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक, गुण एवढेच ठाऊक आहे. ‘मराठी दाखला’, ‘हिंदी सूची’, ‘इंग्रजी प्रमाणपत्र’, ‘बसची यादी’ हे सारे वेगवेगळे क्लास झाले. त्यांपैकी प्रत्येकाच्या हाती विद्यार्थी दिला जातो. त्याने विचारावे, वाचावे, आपल्या कागदापुरते हवे ते रूप द्यावे. विद्यार्थ्याच्या नावाला हात लावण्याची त्याला मुभा नाही. नाव बदलण्याचा एकच दरवाजा ठेवला आहे, ‘नावदुरुस्ती’, आणि तिथे आदेशाचा क्रमांक व दिनांक दिल्याशिवाय तो उघडत नाही. रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती करून मुख्याध्यापकांची सही घेण्याची जी रीत आहे, तीच इथे आज्ञावलीत उतरवली.

याचा फायदा लगेच दिसला. खात्याने सूचीचा नमुना बदलला तेव्हा ‘हिंदी सूची’ या एका क्लासमध्येच बदल करावा लागला. मराठी दाखल्याला त्याचा वासही लागला नाही. तपासणीही सोपी झाली. टक्केवारीचा हिशेब बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी आता कागद छापावा लागत नाही, विद्यार्थ्याला विचारले की उत्तर मिळते.

हा विचार जगात नवा नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका निबंधात मांडले की आज्ञावलीचे तुकडे पाडताना कामाच्या क्रमाकडे पाहू नये, पुढे काय बदलण्याची शक्यता आहे तिकडे पाहावे आणि बदलू शकणारी प्रत्येक गोष्ट वेगळ्या तुकड्यात झाकून ठेवावी. एडस्खर डाइकस्ट्रा यांनी १९७४ मध्ये एका वेळी एकाच बाजूचा विचार करण्याच्या या शिस्तीला नाव दिले. पुढे नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात वर्षभर राहिले. तिथे स्मॉलटॉक ही ऑब्जेक्ट पद्धतीची भाषा घडत होती. १९७९ साली त्यांनी तिथे जी मांडणी लिहून ठेवली, तिला आज मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर म्हणतात. मॉडेल म्हणजे आपले रजिस्टर, व्ह्यू म्हणजे दाखला, आणि कंट्रोलर म्हणजे खिडकीवर अर्ज घेऊन कोणते रजिस्टर काढायचे व कोणता दाखला द्यायचा ते ठरवणारा. एकाच मॉडेलची अनेक दर्शने असू शकतात, हे त्यातले मुख्य सूत्र. इंटरनेटवरची पाने घडवतानाही तेच झाले. मजकूर आणि त्याची सजावट एकाच जागी मिसळू लागली तेव्हा होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सजावटीचे नियम वेगळे लिहिण्याची सूचना केली आणि १९९६च्या डिसेंबरात त्याचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले.

पण इतके लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जाऊन पाहावे. फारुकी घराण्यातल्या आदिलशाहाने, म्हणजे राजा अली खानाने, ती बांधली. तिच्या आतल्या भिंतीवर एक लेख अरबीत आहे आणि एक संस्कृतात. बांधणारा एकच, इमारत एकच. अरबी लेख हिजरी सनाने बोलतो. संस्कृत लेखात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ आहे, आणि पौष महिन्यातली तिथीही आहे. इसवी सनाने तो १५९०चा जानेवारी येतो. सूर्य त्या दिवशी एकदाच उगवला, पण वाचणारा कोण आहे त्याप्रमाणे त्या दिवसाला नाव मिळाले. शिवाय दोन्ही लेख म्हणजे एकमेकांचे शब्दशः भाषांतर नव्हेत. प्रत्येकाने आपल्या वाचकाला लागेल ते घेतले आहे. रूप देणारा निवडही करतो, आणि तो अधिकार त्याला असलाच पाहिजे.

म्हणूनच जन्मतारीख आम्ही ‘पंधरा ऑगस्ट’ अशी अक्षरी साठवत नाही. साठवला जातो तो दिवस. मराठी दाखला त्याला मराठी शब्दांत लिहितो, हिंदी सूची हिंदी शब्दांत. मुंज-लग्नाच्या पत्रिकेसाठी कोणाला शके आणि तिथी हवी असेल, तर तेवढ्यापुरता एक नवा क्लास लिहावा लागेल, विद्यार्थ्याला त्याची खबरही लागणार नाही.

आता अक्षरांकडे येऊ, कारण तिथे हाच प्रश्न आणखी खोलवर आहे. जुन्या पद्धतीच्या देवनागरी फाँटांत संगणक मुळात इंग्रजी अक्षरेच साठवत असे आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवत असे. अशा एका प्रचलित फाँटात इंग्रजी ‘डी’ची कळ दाबली की ‘क’ दिसे. दिसायला ‘क’, साठवणीत मात्र ‘डी’. फाँट गेला की मजकूर गेला. शाळेच्या वार्षिकांच्या जुन्या फाइली आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, त्याचे कारण हेच. रूप आणि नोंद यांची ताटातूट आधी न केल्याचा तो परिणाम आहे.

यावर उपाय आपल्या देशात वेळेवर सुचला होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरवले. त्यात देवनागरी ‘क’, गुजराती ‘क’ आणि बंगाली ‘क’ यांना एकच क्रमांक होता, लिपी कोणती ते दाखवताना ठरायचे. त्याच सुमारास आलेल्या युनिकोडने देवनागरीची रचना इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली, मात्र प्रत्येक लिपीला स्वतंत्र क्रमांक दिले. म्हणजे लिपी ही इस्कीच्या लेखी रूप होती, युनिकोडच्या लेखी ती नोंदीचा भाग झाली. रेघ कोठे ओढायची, यावर जाणत्यांतही दोन मते असू शकतात.

मराठी आणि हिंदी यांच्यात मात्र युनिकोडने वेगळे क्रमांक दिले नाहीत. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि हिंदीचा दंडाचा ‘ल’ दोन्ही ०९३२. आपला देठाचा ‘श’ आणि हिंदीचा गाठीचा ‘श’ दोन्ही ०९३६. महाराष्ट्र शासनाने २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ स्वीकारला आहे, आणि नव्या फाँटांत मजकुराची भाषा मराठी सांगितली तर ही वळणे आपोआप येतात. त्यामुळे आपल्या पाक्षिकात ‘शाळा’ दंडाच्या आणि गाठीच्या वळणाने छापली गेली तर डोळ्यांना खटकते खरे, पण हानी काही होत नाही. फाँट बदलला की वळण बदलते. ‘ळ’चे तसे नाही. ‘ळ’ हा ०९३३, स्वतंत्र अक्षर. तो गेला तर फाँट बदलून परत येत नाही. वळण गेले तर रूप गेले, अक्षर गेले तर नोंद गेली. आपल्या मुलांना हा फरक समजावून सांगितला पाहिजे, कारण हिंदी प्रदेशात राहून मराठी लिहिणाऱ्याला तो रोज भेटतो.

आपल्या गावाचे नावच पाहा. हिंदीत ते बुरहानपुर, आपल्या बोलण्यात आणि लिहिण्यात बऱ्हाणपूर. त्यातला ‘ऱ्ह’ हे मराठीचे खास जोडाक्षर. आचार्यांना बोलावले तर गुरुजी येतात आणि आचाऱ्यांना बोलावले तर स्वयंपाकी, एवढा या आडव्या अर्ध्या ‘र’चा महिमा आहे. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्यासाठी ०९३१ हे वेगळे अक्षर वापरतात, दुसऱ्या रीतीत साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. आमच्या यादीत ‘जन्मस्थान बऱ्हाणपूर’ असलेली मुले शोधली, तर निम्मी सापडत आणि निम्मी सापडत नसत. पडद्यावर पाहून काही उमगेना. दिसणे सारखे म्हणजे असणे सारखे, असे नव्हे. शेवटी नोंद आत घेतानाच तिला एका रीतीने लिहिण्याचा नियम केला, तेव्हा शोध नीट चालू झाला.

एवढे सांगितल्यावर सगळे सोपे आहे असे वाटू नये. काही गोष्टी कोणत्या बाजूच्या, ते ठरवताना आमच्यात बरेच वाद झाले. ‘उत्तीर्ण’ हा शब्द घ्या. मध्य प्रदेश मंडळात उत्तीर्ण होण्यास शेकडा ३३ गुण लागतात, महाराष्ट्रात दहावीला ३५. हा नियम आहे, तो गुणांच्या बाजूला राहिला पाहिजे. तो जर गुणपत्रक छापणाऱ्या क्लासमध्ये लिहिला तर मराठी गुणपत्रक एकाला पास करील आणि हिंदी सूची त्यालाच नापास करील. पण त्या निकालाला ‘उत्तीर्ण’ म्हणायचे, ‘पास’ म्हणायचे की हिरव्या रंगाने दाखवायचे, हे ज्या त्या कागदाने ठरवावे.

दुसरा वाद जिल्ह्याच्या नावाचा. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आपण पूर्व निमाड जिल्ह्यात होतो. २००१ साली शाळा सोडलेल्याने आज दाखल्याची दुय्यम प्रत मागितली तर त्यावर कोणता जिल्हा छापायचा? आज छापतो म्हणून आजचा, हे उत्तर चुकीचे ठरेल, कारण दुय्यम प्रत मूळ प्रतीसारखीच असली पाहिजे. यातून आम्हाला उमगले की एकदा सही-शिक्क्यानिशी दिलेला कागद हे केवळ रूप राहत नाही. तो दिला ही एक घटना झाली आणि घटना म्हणजे नोंद. म्हणून ‘दिलेला दाखला’ हा आता वेगळा ऑब्जेक्ट आहे, त्यात त्या दिवशी जे छापले ते तसेच गोठवून ठेवले जाते. त्याचप्रमाणे एखाद्याच्या मंडळाच्या प्रमाणपत्रावर ‘काले’ कायम झाले असेल, तर ‘मंडळाच्या दफ्तरी असलेले नाव’ ही वेगळी नोंद ठेवावी लागते. मूळ ‘काळे’ मात्र त्यासाठी पुसायचे नाही.

या तत्त्वाला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. ते म्हणतात, ऑब्जेक्टने आपली माहिती झाकून ठेवावी हा मूळ नियम. तुम्ही छपाई बाहेर काढली की छापणाऱ्याला नाव दे, तारीख दे, गुण दे असे सारे उघडे करून द्यावे लागते. मग झाकले काय? हे खरे आहे. नाते तुटत नाही, फक्त त्याची दिशा ठरते. दाखल्याला विद्यार्थी ठाऊक असतो, विद्यार्थ्याला दाखला ठाऊक नसतो. विद्यार्थ्यात नवा रकाना वाढवला तर प्रत्येक कागदाच्या क्लासकडे जाऊन पाहावे लागते. उलट सारे विद्यार्थ्याच्या पोटात ठेवले तर नवा कागद काढताना विद्यार्थ्याला हात लावावा लागतो. एका तक्त्याची कल्पना करा. आडव्या ओळी म्हणजे वस्तूंचे प्रकार, उभे रकाने म्हणजे त्यांच्यावरची कामे. एक पद्धत ओळ वाढवणे सोपे करते, दुसरी रकाना वाढवणे. दोन्ही एकदम सोपे कसे करावे, या कोड्याला फिलिप वॉडलर यांनी १९९८ साली नाव दिले आणि त्यावर आजही संशोधन होते.

तेव्हा आपले काय जास्त बदलते ते पाहून निवड करावी. शाळेत विद्यार्थी, शिक्षक, पुस्तक असे वस्तूंचे प्रकार मोजकेच असतात आणि ते क्वचित वाढतात. कागदांचे नमुने दर वर्षी वाढतात, भाषा तर तीन आहेतच. आपल्याला रकाने वाढवायचे आहेत, म्हणून छपाई वेगळी ठेवणे आपल्या सोयीचे. दहा ओळींच्या आज्ञावलीत, जिथे एकच कागद एकदाच छापायचा आहे, तिथे एवढा संसार मांडण्याचे कारण नाही.

अकरावी-बारावीत संगणक घेतलेल्या मुलामुलींसाठी एक कसोटी सांगतो. क्लास लिहिताना प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारावे, उद्या कागद बदलला तर ही ओळ बदलेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती ओळ रूप देणाऱ्याच्या घरी जावी. पुढे विचारावे, कागदच नसता तरी हे खरे राहिले असते का? ‘हो’ असेल तर ती नोंदीच्या घरी राहावी. आणि छापणारी आज्ञा चालून गेल्यावर मूळ नोंद जशीच्या तशी आहे ना, हे तपासणारी एक छोटी चाचणी लिहून ठेवावी. ती चाचणी चार ओळींची असते. आपल्या शाळेतल्या कित्येक आडनावांचा ‘ळ’ तेवढ्या चार ओळींनी वाचला असता.

पालकांनाही एक विनंती आहे. आपण दोन भाषांत राहतो, त्यामुळे बाहेरच्या कागदावर नाव त्यांच्या रीतीने लिहिले जाणारच, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र मुलाचे नाव शाळेत घालताना रजिस्टरातली ओळ स्वतः वाचून पाहा. ‘ळ’ आहे ना, ‘ऱ्ह’ आहे ना, आजोबांच्या सहीतले आडनाव आणि हे आडनाव एकच आहे ना, हे सही करण्याआधी पाहून घ्या. तेवढी ओळ बरोबर असली की पुढचे कागद कितीही भाषांत निघोत, मागे येऊन खातरजमा करायला जागा राहते.